नव्या कोचला भेटायला गेला होता, की दम द्यायला?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांना फक्त मॅचचे रील बघायचे आहेत त्यांनी पुढं सरकलं तरी चालंल. पण परवा तालमीत नव्या कोचसोबत समर्थकांची जी बैठक झाली, तिच्यावर दोन दिवस ग्रुपवर जे चाललंय ते वाचून गप बसवत नाही. तालमीचं नाव लिहीत नाही, कोच सरांचंही नाही. पेठेतल्यांना कळलंच आहे. आणि खरं सांगायचं तर नाव बदललं तरी चालंल, कोल्हापुरातल्या निम्म्या तालमींत हेच चित्र आहे.

पहिल्यांदा त्यांचा समाचार घेतो जे म्हणतात, "समर्थकांनी टाळ्या वाजवाव्यात, कोचला भेटायचं काय काम?" काम आहे. आपली टीम कुठल्या कंपनीच्या पैशावर चालत नाही. ती वर्गणीवर चालते, गणपतीच्या हिशोबातनं उरलेल्या पैशावर चालते, कुणी बूट दिले, कुणी पोरांच्या अंड्या-दुधाचा खर्च उचलला, यावर चालते. शाहू महाराजांच्या राजाश्रयानं या गावात तालमी बळकट झाल्या, कुस्तीच्या मातीतल्या याच तालमींनी पुढं फुटबॉलच्या टीम उभ्या केल्या. म्हणजे टीम पेठेची आहे आणि पेठेला विचारायचा हक्क आहे. जर्मनीत तर नियमच आहे की क्लबच्या मतांत निम्म्याहून जास्त वाटा सभासदांचा पाहिजे. तिथं कोण अब्जाधीश आला तरी सभासदांना डावलून क्लब खिशात घालता येत नाही. त्यामुळं "तुम्ही कोण विचारणारे?" ही भाषा कमिटीतल्या कुणीही वापरू नये. मी स्वतः बैठकीला होतो आणि पुढच्या बैठकीलाही जाणार.

पण हक्क आहे म्हणून काय विचारलं आपण?

दीड तास बैठक चालली. त्यातली पाऊण तास एकाच विषयावर गेली, की अमक्याच्या पोराला पहिल्या अकरात घेणार का नाही. दुसरा विषय, समोरच्या पेठेविरुद्ध हरलो तर राजीनामा देणार का. तिसरा, फॉरेनर कधी आणणार. एका तात्यांनी तर खिशातनं कागद काढला आणि सरांच्या हातात अकरा नावं दिली. म्हणाले, "ही टीम लावा, बाकीचं आम्ही बघतो." सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला, "बघतो" म्हणाले. ग्रुपवर लगेच मेसेज पडला, "कोच घाबरला." अरे बाबांनो, घाबरला नाही, त्यानं तुमचा मान ठेवला. दुसरा कोण असता तर कागद तिथंच परत दिला असता.

जर्मनीतला सभासद मत देतो, अध्यक्ष निवडतो, तिकिटाचा दर वाढला तर बोंब मारतो. अकरा नावं तो लिहून देत नाही. कारण साधं आहे. मंगळवार ते शनिवार पहाटे सहा वाजता मैदानावर कोण असतं? कुणाचा घोटा सुजलाय, कोण रात्री दोनपर्यंत मोबाईलवर असतो, कोण शेवटच्या वीस मिनिटांत पाय ओढतो, हे कोचला दिसतं. आपल्याला दिसते ती फक्त रविवारची मॅच, ती पण शाहू स्टेडियमच्या वरच्या पायरीवर बसून, तोंडात शेंगदाणे आणि शिव्या दोन्ही एकदम.

आता खेळाचंच बोलू. गेल्या हंगामात आपण गोल कधी खाल्ले आठवून बघा. बहुतेक सगळे साठाव्या मिनिटानंतर. एप्रिल-मेच्या उन्हात चारच्या मॅचला आपली पोरं पहिला हाफ वाघासारखी पळतात आणि दुसऱ्या हाफला कंबरेवर हात ठेवून उभी राहतात. आपला डावा बॅक वर जातो तो परत येतच नाही, मधली जागा उघडी पडते आणि समोरचा तिथनं बॉल टाकतो. दरवेळी तीच जागा, तोच बॉल. बैठकीत यावर एक प्रश्न आला? एक सुद्धा नाही. कारण डावा बॅक ज्याचा पुतण्या आहे ते पहिल्या रांगेत बसले होते.

एका पोरानं, वय असंल सतरा-अठरा, मागनं उभं राहून विचारलं, "सर, आठवड्यातनं सराव किती दिवस होणार आणि जिमचं काय?" सगळ्या बैठकीतला हा एकच फुटबॉलचा प्रश्न. त्याला पुढनं कुणीतरी "ए, बस खाली" म्हणालं. सरांचं उत्तरही मग गोंगाटात गेलं. मी मुद्दाम नंतर जाऊन विचारलं. पाच दिवस सराव, त्यातले दोन दिवस फक्त पळणं आणि ताकद, आणि जो तीन दिवस गैरहजर तो त्या आठवड्यात बेंचवर, मग तो कुणाचाही असो. हे वाक्य माईकवर यायला पाहिजे होतं. त्यावर टाळ्या पडायला पाहिजे होत्या.

"पेठेतलीच पोरं खेळवा" ही मागणी घेऊ. भावना मला पटते. बाहेरचे सात आणि आपले चार अशी टीम जिंकली तर नाचताना पाय जड होतातच. पण ही मागणी करणाऱ्यांना माझा उलटा प्रश्न आहे. स्पेनमध्ये अॅथलेटिक बिल्बाओ नावाचा क्लब आहे, फक्त बास्क प्रदेशातली किंवा तिथं घडलेली पोरं खेळवतो. रियल आणि बार्सिलोनासमोर उभा राहतो आणि 1929 ला लीग सुरू झाल्यापासनं एकदाही वरच्या गटातनं खाली गेलेला नाही. कसं जमतं? नुसत्या अभिमानानं नाही जमत. त्यांची लेझामाला स्वतःची अकादमी आहे, लहान पोरांना वर्षानुवर्षं तिथं घडवतात. आपलं लेझामा कुठं आहे? आपली चौदा वर्षांखालची टीम शेवटची कधी एकत्र आली होती? पोरांना सकाळी मैदानावर आणणारं कोण आहे? पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साठतं, मग पोरं रस्त्यावर खेळतात नाहीतर खेळतच नाहीत. त्यावर महापालिकेत जाऊन भांडायला किती जण आले होते? आणि कोच बदलायला मात्र अख्खी पेठ.

अनिकेत जाधव आपल्या गावचा. 2017 ला भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला तेव्हा तो भारताच्या टीममध्ये खेळला, गावभर फलक लागले, सगळ्यांची छाती फुगली. पण तो घडायला लहान वयात पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं. ज्या गावात पेठेपेठेत फुटबॉलची टीम आहे, त्या गावच्या पोराला फुटबॉल शिकायला गाव सोडावं लागतं. याचा राग कुणालाच कसा येत नाही?

फॉरेनरचा विषय नाजूक आहे, पण लिहितोच. नायजेरिया-घानाकडनं पोरं येतात, एका हंगामासाठी, कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत चार जण राहतात, जेवण कधी मिळतं कधी नाही. केरळात मलप्पुरमच्या सेव्हन्सवर 'सुडानी फ्रॉम नायजेरिया' हा सिनेमा आला होता 2018 ला, बघितला नसंल तर बघा, आपलीच गोष्ट वाटते. हीच पोरं गोल मारतात तेव्हा आपण खांद्यावर घेतो. पुढच्या मॅचला समोरच्या टीमचा फॉरेनर बॉल घेऊन आपल्या गॅलरीसमोर आला की काय आवाज काढतो आपण? रंगावरनं काय काय ओरडतो? स्टेडियममध्ये होतो, कानानं ऐकलंय, आणि ओरडणाऱ्यांत परवा बैठकीत "तालमीची परंपरा" म्हणून भाषण ठोकणारेही होते. कोच सरांनी बैठकीत हळूच हा विषय काढला होता. म्हणाले, "माझ्या टीममध्ये उद्या असा खेळाडू आला तर त्याच्या कानावर हे नको." त्यावर हशा झाला. मला त्या हशाची लाज वाटली.

ईर्ष्या पाहिजे. ईर्ष्या नसंल तर कोल्हापूरचा फुटबॉल कशाला, घरात बसून प्रीमियर लीग बघा. पेठ विरुद्ध पेठ मॅचच्या दिवशी दुकानं लवकर बंद होतात, गल्लीत झेंडे लागतात, त्या दिवसाची मजा दुसऱ्या कुठल्या गावाला नाही. पण दगड आणि बाटली म्हणजे ईर्ष्या नव्हे. राडा झाला की मॅच थांबते, पोलीस येतात, पोरांवर गुन्हे पडतात. एकदा नाव गुन्ह्यात आलं की पोलीस भरतीला जाणाऱ्या पोराचं काय होतं, हे पेठेतल्या चार घरांना विचारा. ज्यांनी "जा रं, घाल" म्हणून पुढं ढकललं, ते वकिलाची फी द्यायला आले नाहीत. कोचला "समोरच्यांना हरवणार का?" विचारण्याआधी आपण आपल्याच गॅलरीला विचारायला पाहिजे, नव्वद मिनिटं बसता येणार का?

आणि कमिटीलाही सोडणार नाही. कमिटीनं नवा कोच आणला, चांगलं केलं. पण किती दिवसांसाठी? लेखी काय आहे? मानधन महिन्याच्या महिन्याला मिळणार, की "फायनल जिंकली की बघू"? टीम निवडीत शेवटचा शब्द कुणाचा? खेळाडूच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर पैसे कुणाचे? गेली काही वर्षं दर हंगामाला नवा कोच आणि दर हंगामाला तीच बोंब. चार मॅच हरल्या की रात्री फोन जातो, "सर, उद्यापासनं येऊ नका." असा फोन करणाऱ्याला पुढं कधी कुणी जाब विचारला नाही. एखाद्या नेत्यानं टीमच्या खर्चाची पावती फाडली की तो लगेच टीमशीटवर बोट ठेवतो, त्यालाही नाही. कोच मात्र उभा आडवा फाडायला मोकळा.

अॅलेक्स फर्ग्युसनचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, तरी एकदा. नोव्हेंबर 1986 ला मँचेस्टर युनायटेडला आला. डिसेंबर 1989 ला त्यांच्याच एका समर्थकानं त्याला घरी पाठवा म्हणून स्टेडियममध्ये फलक धरला. तीन वर्षं झाली होती, हातात एक कप नव्हता. पाच महिन्यांनी, मे 1990 ला एफए कप आला, आणि पुढचं सगळं जगाला ठाऊक आहे. आपला कोच फर्ग्युसन होईल असं मी म्हणत नाही. होणार नाही बहुतेक. पण तीन वर्षं राहू दे, तीन महिने तरी?

आपल्या देशाचं बघा. सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्यावर 'मैदान' सिनेमा निघाला, त्यांच्या हाताखाली भारत 1951 आणि 1962 ला एशियन गेम्सचं सोनं घेऊन आला, मधे 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकला चौथा. दहा-बारा वर्षं एका माणसाला काम करू दिलं तेव्हा हे झालं. दर हंगामाला माणूस बदलला असता तर सिनेमा कुणावर काढला असता?

"तू काय कोचचा माणूस हाईस काय?" असं इनबॉक्सला दोघांनी विचारलंय. सरांची आणि माझी ओळख परवाचीच. त्यांचं चुकलं तर पहिली पोस्ट माझी असंल. अकरा पोरं चुकीची लावली, सरावाला स्वतःच गैरहजर राहिले, कुणाच्या दबावाखाली पुतण्याला खेळवलं, तर बोलणारच. पण हंगामाची पहिली मॅच अजून व्हायची आहे, आणि आपण त्या माणसाला हरल्यावर जायची तारीख विचारून बसलोय.

पुढची बैठक रविवारी संध्याकाळी सात वाजता, तालमीतच. माझं कमिटीला जाहीर सांगणं आहे, त्या दिवशी कोचचा लेखी करार वाचून दाखवा आणि टीम निवडीत कमिटीचा माणूस बसणार नाही हे सगळ्यांसमोर सांगा. जुन्या मंडळींनी अकरा नावांचे कागद घरी ठेवून यावं. चौदा वर्षांखालच्या टीमसाठी पहाटे मैदानावर कोण कोण येणार याची यादी मी वहीत करतोय, माझं नाव एक नंबरला लिहिलंय. आणि ज्या पोराला "बस खाली" म्हणाला होता, त्याला या वेळी पुढच्या रांगेत जागा ठेवा, त्याचा जिमचा प्रश्न अजून अर्धा राहिलाय.

कॉमेंटमध्ये शिव्या घालायच्या असतील तर घाला, फक्त खऱ्या नावानं घाला.