खाण राष्ट्राची, चित्र कोणाचे?

चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती येथे १९८६ साली जन्मलेले प्रभाकर पाचपुते यांच्या घराण्याने तीन पिढ्या खाणीत राबून काढल्या. खैरागड व बडोदे येथे शिल्पकला शिकून पुण्यात काम करणाऱ्या या कलावंताने कोळसाच हाती घेतला. त्यांच्या भित्तिचित्रांत व मांडणशिल्पांत खाणकामगाराच्या डोक्याच्या जागी अवजार येते. श्रमिकाची वस्तू कशी होते, हे दहा ठरावांहून ते अधिक रोखठोक सांगते.

तरीही ‘कला म्हणजे सुखवस्तूंचा विरंगुळा’ असे म्हणून कार्यकर्ते पाठ फिरवतात. परिणाम काय? २०१४ साली साओ पावलोने हे काम पाहिले. २०२१ साली कार्डिफचा आर्टेस मुंडी पुरस्कार सहाही निवडक कलावंतांना समान वाटून मिळाला, त्यांत पाचपुते होते. सास्तीच्या कामगाराने मात्र ते कोठे पाहावे? कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ साली पूर्ण झाले. खाण राष्ट्राची झाली, तिचे चित्र दालनाचेच राहिले.

धनिकांच्या दालनांना दोष देणे सोपे आहे. परंतु कामगार संघटनांच्या कचेऱ्यांच्या भिंती कोऱ्या का? कोळशाची रेघ ओढण्यास भांडवल लागत नाही. ती आपली मानण्याची तयारी लागते.