वास विकावा, थाप विकू नये



ज्या चाकणमध्ये 1980 साली कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरला, तेथे आज मोटारींचे कारखाने आहेत. चाकण ते पिंपरी-चिंचवड रात्रपाळी करून थकलेला कामगार आता झोपेसाठी, डोकेदुखीसाठी सुगंधी तेलाची इवलीशी बाटली घेतो. हा कामगार आपलाच पोरगा आहे आणि बाटलीतले तेलही आपल्याच गवती चहाचे, जिरेनियमचे, वाळ्याचे आहे.

'अरोमाथेरपी' या नावाचे पुस्तक गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने 1937 साली काढले. आपल्या आया त्याआधीपासून माठात वाळा टाकत होत्या. नवे आहे ते नाव आणि भाव.

भावाचा हिशेब पाहा. जिरेनियमचा टनभर ओला पाला वाफेवर काढला की साधारण एक किलो तेल निघते. त्यातून दहा मिलिलिटरच्या शंभरावर बाटल्या भरतात. पाला विकणाऱ्याला पाल्याचा भाव, बाटली भरणाऱ्याला बाटलीचा! हे जुनेच दुखणे आहे. खानदेशच्या रोशा गवताचे तेल एके काळी मुंबईहून तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. गवत आमचे, नाव गुलाबाचे.

म्हणून आमचे म्हणणे असे : पाचदहा जणांनी मिळून स्वतःची भट्टी घालावी. तेल लखनौच्या सीमॅप किंवा कनौजच्या सुगंध केंद्रासारख्या ठिकाणी तपासून घ्यावे. रोपे विकणाऱ्याच्या 'सगळा माल आम्हीच उचलू' या तोंडी शब्दावर एक गुंठाही लावू नये.

पण बाटली आपली झाली म्हणून तिच्यावर काहीही लिहायचे काय? सुवासाने मन हलके होते, मालिशने अंग सैलावते, एवढे खरे. मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर बरा होतो, अशी जाहिरात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. उग्र वासाने दमेकऱ्याचा दमा वाढू शकतो. नीलगिरीचे तेल पोटात गेले तर लहान मुलाला झटके येतात. बोगस बियाण्याने आपण होरपळलो आहोत. तीच फसवणूक आपण कामगाराची करणार काय? शिवाय थापेवर उभा राहिलेला बाजार कोसळतो, तेव्हा व्यापारी निघून जातो आणि उभे पीक शेतकऱ्याच्या गळ्यात राहते.

बाटलीवर गाव, घटक, तारीख आणि 'पोटात घेऊ नये' ही सूचना असावी. रोगाचे नाव नसावे. जिल्हा बैठकीत तसा ठराव व्हावा.