आधी शून्य मोजा

अल्झायमरच्या रुग्णाचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, वर्षाला साधारण साडेचार टक्क्यांनी आक्रसतो. निरोगी वृद्धांतही तो दीडेक टक्क्याने घटतोच. रोग आणि वार्धक्य यांतला फरक असा जेमतेम तीन टक्क्यांचा. एका बाजूचा हिप्पोकॅम्पस तीन-साडेतीन घन सेंटिमीटरचा धरला, तर हे तीन टक्के म्हणजे शंभरेक घन मिलिमीटर. एमआरआयचा एक व्हॉक्सेल, म्हणजे चित्रातला एक घनाकार ठिपका, साधारण एक घन मिलिमीटरचा असतो. सारा वाद या शंभर ठिपक्यांचा आहे आणि तेही अवयवाच्या कडेवर पातळ पसरलेले असतात.

हा बदल टिपण्यासाठी एकाच व्यक्तीचे दोन वेळचे स्कॅन सॉफ्टवेअर एकमेकांवर बसवते. एक चित्र ताणत, दाबत दुसऱ्याशी जुळवायचे आणि कुठे किती ताणावे लागले यावरून वाढ-घट काढायची. गोम इथेच आहे. बहुतेक वेळा पहिला स्कॅन जसाच्या तसा ठेवला जात असे आणि दुसरा फिरवून, सरकवून त्याच्या चौकटीत आणला जात असे. या उलाढालीत दुसऱ्याच्या कडा किंचित पुसट होतात आणि ती पुसटता बदल म्हणून मोजली जाऊ शकते. चूक प्रत्येक रुग्णात एकाच दिशेने होत असल्याने सरासरी काढून ती जात नाही. उलट रुग्ण वाढवले की चुकीचा आकडा अधिक ठाम दिसू लागतो.

ही भीती कल्पनेतली नाही. अमेरिकेत 2004 मध्ये सुरू झालेल्या एडीएनआय या अल्झायमरवरच्या दीर्घकालीन अभ्यासातल्या स्कॅनवरच युश्केविच आणि सहकारी संशोधकांनी 2010 मध्ये हा दोष दाखवला. पुढच्याच वर्षी थॉम्पसन आणि हॉलंड यांनी त्याच माहितीवरचे प्रसिद्ध झालेले आकडे तपासले. काळानुसार वाढत जाणाऱ्या घटीची रेषा मागे शून्य दिवसापर्यंत नेली, तर घटही शून्य यायला हवी. ती आली नाही. काळ सरण्याआधीच मेंदू आक्रसलेला दिसत होता! ते आकडे प्रसिद्ध करणाऱ्या गटाने नंतर पद्धत सुधारून नवे आकडे दिले, हे चांगलेच झाले.

पण मधल्या काळात अशाच आकड्यांवरून औषधचाचण्यांना किती रुग्ण लागतील याचे अंदाज निघाले होते आणि ते फार कमी होते. औषध घट चतुर्थांशाने रोखेल, असे धरून हे गणित मांडतात. जी घट झालीच नाही, ती कोणते औषध रोखणार? अशा हिशेबाने आखलेल्या चाचणीत खरोखर उपयोगी औषधही नापास होऊ शकते आणि त्यात रुग्णांनी दिलेली वर्षे परत मिळत नाहीत.

उपाय माहीत आहे. रॉयटर आणि फिशल यांनी 2011 मध्ये सुचवल्याप्रमाणे कोणत्याच स्कॅनला मानाचे पान न देता सर्वांच्या मधला साचा करायचा आणि प्रत्येकाला त्याच्याशी सारख्याच रीतीने जुळवायचे. तरीही स्कॅनच्या वेळी डोके हलले की मेंदूचा करडा भाग पातळ दिसतो, आणि रुग्ण निरोगी माणसांपेक्षा जास्त हलतात. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली तरी मापे बदलतात. शिवाय ज्यांची प्रकृती झपाट्याने ढासळते तेच पुढच्या स्कॅनला येत नाहीत. उरलेल्यांच्या सरासरीतून रोग सौम्य भासतो. हे शेवटचे दुखणे मला सर्वांत गंभीर वाटते, कारण गळालेल्यांचे माप कोणतेही सूत्र पुरेपूर भरून देत नाही.

पण निदान मापातली चूक तरी दिसावी म्हणून प्रत्येक शोधनिबंधात दोन आकडे सक्तीचे असावेत: एकाच दिवशी लागोपाठ घेतलेल्या दोन स्कॅनमध्ये किती 'बदल' निघाला, आणि स्कॅनचा क्रम उलटा केला तर घटीइतकीच वाढ दिसली का. दवाखान्यातल्या अहवालांनाही हे लागू आहे. वर्षाच्या अंतराने, दोन वेगळ्या यंत्रांवर काढलेल्या स्कॅनवरून 'दोन टक्के घट' असे लिहून येते, तेव्हा त्या यंत्रांमधला फरक किती टक्क्यांचा आहे, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना जरूर विचारावे.