‘आवडलं नाही’ म्हणायची जागा

आज 23 एप्रिल, जागतिक पुस्तक दिन. 1995 साली युनेस्कोने ही तारीख ठरवली ती शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस यांच्या स्मृतिदिनावरून. रायपूरला मात्र या दिवसाचं निमित्त शोधायला स्ट्रॅटफर्डला किंवा माद्रिदला जायचं कारण नाही. माधवराव सप्रे गेले ते याच शहरात, 23 एप्रिल 1926 रोजी. आज त्याला बरोबर शंभर वर्षं झाली. बुढा तालाबाजवळची सप्रे शाळा आणि तिचं मैदान इथल्या रिक्षावाल्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याचं नाव त्या शाळेला दिलं, त्याने नेमकं केलं काय, हे विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर ‘स्वातंत्र्यसैनिक’ एवढ्यावर थांबतं.

ते उत्तर चुकीचं नाही, अपुरं आहे. दमोह जिल्ह्यातल्या पथरियात मराठी घरात जन्मलेला हा माणूस लिहिता झाला हिंदीत. ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदी वाचकांपर्यंत त्यानेच नेलं. पण त्याआधी, जानेवारी 1900 मध्ये, पेंड्र्यासारख्या आडगावातून त्याने ‘छत्तीसगढ़ मित्र’ नावाचं मासिक काढलं. सोबत रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे, म्हणजे तिघेही मराठी आडनावांचे. सप्रे तेव्हा 28 वर्षांचे होते आणि पेंड्र्याच्या राजकुमारांना शिकवून मिळणाऱ्या पगारातला पैसा या उद्योगात घालत होते. अंक आधी रायपुरात छापले गेले, मग नागपुरात. तीन वर्षं तोटा सोसून डिसेंबर 1902 मध्ये मासिक बंद पडलं.

त्या तीन वर्षांतली एक गोष्ट आजच्या दिवशी मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्या काळी हिंदीत नव्या पुस्तकाची दखल घेणं म्हणजे बहुधा लेखकाला शाबासकी देऊन त्याच्या पुस्तकाची जाहिरात करणं. या मासिकाने पुस्तक हातात घेऊन त्याचे गुण आणि दोष दोन्ही मांडायचा पायंडा पाडला. श्रीधर पाठकांसारख्या नावाजलेल्या कवीलाही त्यातून सूट मिळाली नाही. हिंदी समीक्षेचा इतिहास लिहिणारे आज सप्र्यांना पहिल्या फळीत बसवतात ते यासाठी. छत्तीसगढात पुस्तकांवरून जाहीर वाद घालायची सुरुवात अशी एका तिशीच्या आतल्या, खिशाने फाटक्या मास्तराने केली.

आणि वादाने त्यांचा पिच्छा पुढेही सोडलेला नाही. 1901 साली याच मासिकात आलेली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदीतली पहिली कथा की किशोरीलाल गोस्वामींची ‘इन्दुमती’, की रामचंद्र शुक्लांची ‘ग्यारह वर्ष का समय’, यावर हिंदीचे प्राध्यापक अजून भांडतात. आम्हाला या भांडणात निकालापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं अप्रूप वाटतं. जेमतेम दोन-अडीच पानांच्या गोष्टीवर सव्वाशे वर्षं बोललं जातं, ते कुणीतरी ‘मला हे पटत नाही’ म्हणत राहतं म्हणून.

गेल्या वर्षभरात रायपूरने असा एक वाद जवळून पाहिला. विनोद कुमार शुक्ल इथलेच. जन्म 1 जानेवारी 1937 रोजी राजनांदगावात, नोकरी रायपूरच्या कृषी विश्वविद्यालयात शिकवण्याची, आणि घरही इथेच. 2024 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना जाहीर झाला तो मार्च 2025 मध्ये. छत्तीसगढच्या वाट्याला आलेलं हे पहिलं ज्ञानपीठ. त्याच सप्टेंबरात रायपुरातल्या एका साहित्य उत्सवात त्यांच्या प्रकाशकाने ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ या एका कादंबरीच्या रॉयल्टीपोटी 30 लाख रुपयांचा धनादेश त्यांच्या हाती दिला. ही कादंबरी 1997 सालची, साहित्य अकादमी पुरस्कार तिला 1999 साली मिळालेला. म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ ती दुकानांत होतीच. अचानक तिच्यावर उडी पडली ती विशी-बाविशीतल्या वाचकांची. पुस्तकाचं मुखपृष्ठ हातात धरून अर्ध्या मिनिटाची चित्रफीत करणारी हीच मुलं. 23 डिसेंबरला शुक्ल गेले, तेव्हा रायपुरात हळहळलेल्यांत त्यांची पुस्तकं न वाचलेलेही बरेच असतील. पण नव्याने वाचलेले होते, हे नाकारून चालणार नाही.

मग भांडण सुरू झालं. आधी आकड्यांवरून: हिंदी कादंबरी इतकी खपते कशी, कुणी मोजलं? ते प्रकाशन व्यवसायातल्यांनी निस्तरावं. त्याहून रंगतदार भांडण वाचकांचं. कादंबरीत एका लहान गावातला गणिताचा प्राध्यापक रघुवर प्रसाद आहे, त्याची नवी नवरी सोनसी आहे, एका खोलीचं बिऱ्हाड आहे. खोलीच्या भिंतीतल्या खिडकीतून दोघं पलीकडे उतरतात आणि तिथे नदी, तळी, चहा देणारी म्हातारी असं वेगळंच जग असतं. रघुवर प्रसाद कॉलेजला जातो तो एका साधूच्या हत्तीवर बसून. एवढंच. खून नाही, प्रेमभंग नाही, बापाशी वैर नाही. एका गटाचं म्हणणं, यात काही घडतच नाही, लोक शोभेसाठी विकत घेतात. दुसरा म्हणतो, न घडणं हेच तर त्यातलं घडणं. तिसरा जरा बोचरा आहे: गरिबी इतकी गोड कशी? पगार पुरत नाही, तरी या घरात कुणाला राग का येत नाही?

हा तिसरा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटतो, आणि तो एखाद्या परिसंवादातल्या अध्यक्षीय भाषणात आम्ही कधी ऐकल्याचं आठवत नाही. ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाला असा प्रश्न विचारायला एकतर फार वाचलेलं असावं लागतं, नाहीतर वय कमी असावं लागतं.

शुक्ल स्वतः अशाच एका देवाणघेवाणीतून लेखक झाले. 1958 साली गजानन माधव मुक्तिबोध राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. विशीतल्या शुक्लांनी आपल्या कविता त्यांना दाखवल्या, मुक्तिबोधांनी त्यांतल्या काही श्रीकांत वर्मांच्या ‘कृति’कडे पाठवल्या आणि तिथे त्या छापून आल्या. हे मुक्तिबोधही घरचे मराठी. एक भाऊ गजानन हिंदीत. दुसरा, शरच्चंद्र, मराठीत कवी आणि ‘क्षिप्रा’, ‘सरहद्द’, ‘जन हे वोळतु जेथे’ या कादंबरीत्रयीचा लेखक. मोठ्या मुक्तिबोधांना थोर कृतीपुढे नुसते हात जोडणं ठाऊक नव्हतं. जयशंकर प्रसादांच्या ‘कामायनी’शी त्यांनी एक अख्खं पुस्तक लिहून वाद घातला. नवख्या पोराच्या कविता आस्थेने वाचायच्या आणि महाकाव्याला जाब विचारायचा, ही दोन्ही कामं एकाच टेबलावर चालत.

आता आपल्या घरांकडे वळू. चौबे कॉलनी असो की तात्यापारा, रायपूरच्या मराठी घरातलं पुस्तकांचं कपाट साधारण ओळखीचं असतं. ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘ययाति’, पु. लं.ची चार-पाच पुस्तकं, वपुंचं ‘पार्टनर’, कोपऱ्यात ‘कोसला’. घरातली मुलगी शाळा-कॉलेजात हिंदी आणि इंग्रजी वाचते. लिपी तीच असल्याने मराठी तिला अडत नाही, वेग तेवढा कमी पडतो. तीनही भाषांतलं वाचून ती एक दिवस जेवताना म्हणते, ‘मृत्युंजय’ मला फार आलंकारिक वाटली, अर्ध्यात सोडली. मग टेबलावर जी शांतता पसरते ती पाहण्यासारखी असते. आजोबा दुखावतात, काका म्हणतात, आधी पूर्ण वाच, मग बोल. विषय संपतो. पोळी वाढली जाते.

या ज्येष्ठांना थोडी वयांची आठवण करून द्यायला हवी. ‘मृत्युंजय’ 1967 साली आली तेव्हा शिवाजी सावंत सत्ताविशीत होते. ‘कोसला’ 1963 साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीत. त्याच वर्षी ‘मनोहर’मध्ये अशोक शहाणे यांनी तेव्हाच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण टाकून भल्याभल्यांना उघडं पाडलं, तेही त्याच पिढीचे. त्याही आधी कला कलेसाठी की जीवनासाठी यावरून फडके-खांडेकरांच्या बाजू घेऊन कॉलेजातली पोरं एकमेकांशी अबोला धरत होती. आपण ज्या पुस्तकांना आता शेंदूर लावून बसवलं आहे, त्यांतली काही तरुणांनी तरुणपणी, आधीच्यांशी भांडून लिहिलेली आहेत.

तरुणांचीही बाजू सगळी धुतल्या तांदळाची नाही. पाचपैकी दीड तारा, ‘बोअर आहे’, ‘ओव्हररेटेड’ असा निकाल देऊन पुढचं पुस्तक उचलणं याला आम्ही वाद म्हणणार नाही. आवडत्या लेखकाबद्दल वेगळं काही बोललं की खवळून उठणं हाही वाद नाही. तो नटांच्या चाहत्यांचा धंदा आहे, आणि वपुवाले-नेमाडेवाले या खेळात दोघंही सारखेच पटाईत. कंटाळा आला तर कुठे आला, कोणत्या पानापासून, लेखकाने तिथे काय करायला हवं होतं, एवढं सांगायची तयारी हवी. सप्रे महिनाभर थांबून, छापखान्याचं बिल भरून दोष दाखवत. तितकी किंमत कुणी मोजू नये, पण पान तरी मोजावं.

हे बोलायचं कुठे, ही खरी अडचण आहे. रायपुरात वाचायला जागा नाही असं कुणी म्हणू नये. नालंदा परिसर 2018 पासून चोवीस तास उघडा असतो आणि रात्री दोनलाही तिथे दिवे आणि माना खाली घातलेली मुलं दिसतात. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करत असतात. त्यांना नावं ठेवायचा आम्हाला काहीच अधिकार नाही. पण तिथे बोलायला मनाई आहे, आणि ग्रंथालयात ती असायलाच हवी. शाळा-कॉलेजांत वक्तृत्व स्पर्धा असते, तिचा विषय ‘माझा आवडता लेखक’. नावडता लेखक या विषयावर बक्षीस मिळाल्याचं कुणी ऐकलं आहे?

महाराष्ट्र मंडळांकडे मात्र सभागृह असतं, खुर्च्या असतात, चहाची सोय असते, आणि गणपती ते कोजागरी सोडले तर बऱ्याच संध्याकाळी मोकळ्या असतात. रायपूरचं मंडळ याला अपवाद नसावं. उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आहे. महिन्यातली एक संध्याकाळ सोळा ते पंचवीस वयाच्या मुलांना देऊन टाकावी. भाषेची अट नको. कुणी शुक्ल आणेल, कुणी जपानी कादंबरीचं इंग्रजी भाषांतर, कुणी ‘दुनियादारी’. अध्यक्ष नको, शाल-श्रीफळ नको, आणि समारोप तर मुळीच नको. मोठ्यांनी यावं, मागच्या रांगेत बसावं, बोलायचं तर हात वर करून बोलावं. वाचून आलेल्यालाच बोलता येईल, हा एकच नियम पुरे.

पहिला फटका बहुधा ‘मृत्युंजय’लाच बसेल. बसू द्यावा. तिच्या बाजूने उभं राहायचं तर काकांना ती पुन्हा वाचून यावं लागेल, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी ती शेवटची वाचली तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात होतं.