निवृत्तीनंतर वर्षभर गावी राहायला जाताय? आधी जुलैतली एक रात्र डोळ्यांसमोर आणा

"डॉक्टर, ३१ तारखेला सुटलो एकदाचा! आता वर्षभर गावी राहणार. जमलं तर कायमचंच. तेवढ्या सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या."

हे वाक्य मला दरवर्षी चारपाच जणांकडून तरी ऐकायला मिळतं. माझे बरेच पेशंट मूळचे कोकणातले. तीसपस्तीस वर्षं मुंबईत नोकरी, लोकलचा प्रवास, आणि मनात सतत गावचं घर. निवृत्ती जवळ आली की घराची कौलं बदलतात, विहिरीवर पंप बसतो, गॅसचं कनेक्शन घेतलं जातं. सगळी तयारी होते. स्वतःच्या तब्येतीची तयारी मात्र शेवटच्या आठवड्यात, माझ्या दवाखान्यात उभ्याउभ्या होते.

"गावी जाऊ नका" असं मी कोणालाही सांगत नाही. उलट निवृत्तीनंतर लगेच मुंबईतलं घर न विकता वर्षभर राहून बघायचं, हा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ते वर्ष खरोखर परीक्षेचं असावं आणि तिची तयारी निदान तीन महिने आधी सुरू व्हावी. हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो, त्यामागे माझ्या घरातली एक गोष्ट आहे.

माझ्या वडिलांची गोष्ट

माझे वडील १९९६ साली निवृत्त झाले आणि महिन्याभरात राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले. त्यांना रक्तदाब होता. मी तेव्हा एम.डी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. रोज वॉर्डात पंचवीस लोकांचे रक्तदाब मोजत होतो. वडिलांना मात्र, "गोळ्या किती दिवसांच्या नेल्यात? संपल्या की कुठे मिळतील?" एवढंही विचारलं नाही.

गोळ्या जूनमध्ये संपल्या. तोपर्यंत त्यांना छान वाटत होतं. गावची हवा, घरचा भात, दुपारची झोप. मग गोळ्यांची गरज काय? जुलैत एका रात्री त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणं अडखळू लागलं. पाऊस कोसळत होता आणि साकवावरून पाणी जात होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते हॉस्पिटलमध्ये पोचले. जीव वाचला, पण उजव्या हाताने त्यांना पुन्हा सही करता आली नाही.

बरीच वर्षं मी त्या साकवाला दोष देत होतो. खरं सांगायचं तर तेव्हा ते वेळेत पोचले असते तरी फार काही करता आलं नसतं, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पक्षाघातासाठी तेव्हा आपल्याकडे मिळतच नव्हतं. त्यांचा हात वाचवण्याची संधी होती ती जूनमध्ये, संपलेल्या गोळ्यांच्या पाकिटापाशी.

आज परिस्थिती बदलली आहे. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात साडेचार तासांच्या आत ते इंजेक्शन देता येतं. त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. हृदयविकाराच्या झटक्यातही पहिले काही तास मोलाचे असतात. उपचार सुधारले, म्हणून अंतराची किंमत वाढली आहे. पक्षाघातात तीस वर्षांपूर्वी उशिरा पोचणारा आणि लवकर पोचणारा यांच्यात फारसा फरक पडत नव्हता, आज पडतो.

मे महिन्यातलं गाव आणि जुलैतलं गाव

आपण गाव बघतो ते मे महिन्यात आणि गणपतीत. घर माणसांनी भरलेलं असतं, पुतण्याची गाडी दारात असते. जुलैत हेच घर वेगळं असतं. वीज दोनदोन दिवस नसते, मोबाइलला रेंज नसते, पुतण्या मुंबईला परतलेला असतो आणि घाटात दरड कोसळली की कोल्हापूरची वाट बंद होते.

म्हणून माझा सल्ला असा, की या वर्षात पावसाळा टाळू नका. चारही महिने तिथे राहा. जायच्या आधी, किंवा गेल्यावर पहिल्याच आठवड्यात, या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा:

१. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर गाडी कोणाची? चालवणार कोण?
२. चोवीस तास ईसीजी निघतो असं सर्वात जवळचं ठिकाण किती मिनिटांवर आहे? किलोमीटर लिहू नका, मिनिटं लिहा.
३. सीटी स्कॅन आणि अँजिओप्लास्टीची सोय कुठे आहे? तिथे जायचा पावसाळ्यातला दुसरा रस्ता कोणता?
४. १०८ ची रुग्णवाहिका साधारण कुठून येते? घरापर्यंत गाडी येते, की पाखाडी उतरून रस्त्यापर्यंत जावं लागतं?

पाखाडीचा प्रश्न फार कमी लोकांच्या लक्षात येतो. साठ पायऱ्या उतरून पेशंटला खुर्चीतून न्यायला चार माणसं लागतात. आता गावात तरुण माणसं किती उरली आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

जायच्या तीन महिने आधी

विमा: नोकरीतला गट आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी निवृत्तीबरोबर संपतो. नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का आणि आधीचा काळ धरला जाईल का, हे निवृत्तीआधीच ऑफिसात विचारून घ्या.

तपासण्या आणि रखडलेली कामं: रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन, ईसीजी. डोळे आणि दातही दाखवून घ्या. मोतीबिंदू, हर्निया, सहा महिने पुढे ढकललेली दाढ, हे सगळं इथे निस्तरून जा. फ्लू, न्यूमोनिया आणि धनुर्वाताच्या लसींबद्दल विचारा.

एक पान: तुमचे आजार, औषधांची मूळ नावं (ब्रँडचं नाव गावच्या दुकानात मिळेलच असं नाही), डोस, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते आणि घरच्यांचे फोन नंबर. सोबत शेवटच्या ईसीजीची झेरॉक्स. छातीत दुखल्यावर काढलेला नवा ईसीजी जुन्याशी ताडून बघता आला तर अनोळखी डॉक्टरलाही निर्णय घेणं सोपं जातं. एक प्रत पाकिटात ठेवा, एक दाराच्या मागे, आणि एक शेजाऱ्याकडे द्या.

गोळ्या: सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम नेऊ नका. दमट हवेत पाकिटं खराब होतात, आणि मधे रक्तदाब कोणी तपासतच नाही. दोन महिन्यांच्या न्या आणि तिथला एक डॉक्टर ठरवा. गेल्यावर आठ दिवसांत, काही होत नसताना, त्यांना जाऊन भेटा. तुम्हाला बरं असताना बघितलेला डॉक्टर तुमचं आजारपण लवकर ओळखतो.

गावी गेल्यावर शरीरात काय बदलतं

मधुमेह असेल तर लक्ष द्या. मुंबईत दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस गावी कुदळ हातात घेतो, चढउतार करतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर या मेहनतीमुळे साखर एकदम उतरू शकते. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, गरगरणं ही त्याची लक्षणं. खिशात साखर ठेवा, ग्लुकोमीटर घेऊन जा आणि पहिले पंधरा दिवस जास्त वेळा साखर मोजा. इन्सुलिनची न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये लागते. वीज गेल्यावर ती कुठे ठेवायची, हे आधीच ठरवा.

रक्तदाब असेल तर पावसाळ्यातल्या जेवणाकडे बघा. सुकट, खारवलेली मासळी, लोणचं, पापड या सगळ्यात मीठ भरपूर. आठवड्यातून दोनदा डिजिटल मशीनवर रक्तदाब मोजून वहीत लिहा. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळे.

पावसाळ्यातला ताप अंगावर काढू नका. शेतात किंवा चिखलात काम केल्यावर ताप, सडकून अंगदुखी, पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल होणं अशी लक्षणं असतील तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता असते. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, गमबूट वापरा. प्रतिबंधक गोळीबद्दल तिथल्या आरोग्य केंद्रात विचारा.

साप आणि विंचू यांचाही विचार हवा. कोकणात फुरसं बरंच आढळतं. रात्री पडवीत जातानाही बॅटरी हातात असू द्या. साप चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करू नका. पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठा, प्रतिविष तिथे मोफत मिळतं. लाल विंचवाचा दंश हृदयावर आणि फुप्फुसांवर परिणाम करू शकतो. त्यावर प्राझोसिन हे औषध किती उपयोगी पडतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी कोकणातल्याच रुग्णांवर उपचार करताना दाखवून दिलं. वेळेवर पोचलात तर औषध आहे.

निवृत्ती एकाची, जाणं दोघांचं

शेवटचा मुद्दा, आणि हा नवरेमंडळींसाठी. "गावी जायचं" हे बहुतेक वेळा तुम्ही ठरवता. गावचं घर तुमचं, मित्र तुमचे. बायकोचे गुडघे मात्र तिचे असतात. जुन्या घरात शौचालय मागीलदारी असतं, चूल किंवा ओटा बैठा असतो, येणारेजाणारे पाहुणे असतात. तिची मैत्रिणींची भिशी, तिची डॉक्टर, नातवंडं सगळं मुंबईत राहतं. घरात कमोड आणि न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, हे मी वैद्यकीय सल्ला म्हणूनच सांगतो. आणि दोन महिन्यांनी तिला एकटीला विचारा, "तुला इथे बरं वाटतंय का?" उत्तर "नाही" आलं तर वर्ष पूर्ण करण्याचा हट्ट धरू नका. झोप उडणं, जेवण कमी होणं, कोणाशी बोलावंसं न वाटणं हे दोघांपैकी कोणालाही दोन आठवड्यांहून जास्त राहिलं तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर उपचार असतात.

माझे वडील त्या आजारपणानंतरही मुंबईला परतले नाहीत. आणखी अकरा वर्षं गावीच राहिले. डाव्या हाताने पेपर धरून पडवीत वाचत बसायचे. गोळ्या मी महिन्याच्या महिन्याला पाठवायचो आणि शेजारच्या काकूंना फोन करून घेतल्या का ते विचारायचो. त्यांनी गावी जायला नको होतं, असं मला कधीच वाटलं नाही. मी आधी विचारायला हवं होतं, असं मात्र अजून वाटतं.

म्हणून, निवृत्तीच्या तारखेआधी तीन महिने तुमच्या डॉक्टरकडे जा. दोघंही जा. "सहा महिन्यांच्या गोळ्या द्या" म्हणू नका, "आम्ही गावी राहायला चाललोय, काय काय बघू?" असं विचारा. त्यासाठी अर्धा तास द्यायला कोणताही डॉक्टर नाही म्हणणार नाही.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. स्वतःच्या औषधांत बदल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.)