खेळाचा तास वाचवा!

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा! वाशिम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांतल्या पालकांनो आणि शिक्षकांनो, नववी-दहावीचा खेळाचा तास वाचवा. दिवाळी सरली आणि पोर्शन मागे पडला, की बऱ्याच शाळांत पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. पण पोरांच्या मारामाऱ्या आवरायच्या, तर हाच तास हवा.

"पोट्टेच ते, भांडणारच," म्हणून आपण सोडून देतो. भांडणाचं निमित्त छोटंच असतं: एसटीतली जागा, चिडवायचं नाव, आडनाव, इन्स्टाग्रामवरची कमेंट. मधल्या सुट्टीत कॉलर धरली जाते. "शाळा सुटल्यावर फाट्यावर ये," असा दम मिळतो. फाट्यावर दोघांच्या जागी दहा जण जमतात, मनगटातलं कडं मुठीवर चढतं आणि डोकं फुटतं.

हा राग एका दिवसात येत नाही. घरी मार खाणारं, आईला मार खाताना बघणारं पोर हात उगारायला लवकर शिकतं, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. त्यात घरातली दारू, 2012 पासून बंदी असूनही मिळणारा गुटखा, वाईट संगत, अभ्यासात मागे पडल्याची लाज आणि सोबत्यांकडून होणारा छळ. युनेस्कोच्या 2019 च्या अहवालानुसार जगात तिघांतला जवळपास एक विद्यार्थी महिन्याभरात सोबत्यांचा छळ सोसतो.

शाळेची ओढ आणि ऐकून घेणारं एक मोठं माणूस, या दोन गोष्टी पोराला सावरतात. मैदानावर दोन्ही मिळतात. कोण एकटा पडलाय, कोण पटकन पेटतो, हे फळ्याकडे तोंड करून कळत नाही. कबड्डीच्या एका डावात कळतं. मात्र पोरांना चेंडू देऊन सर ऑफिसात बसले, तर मैदानावरही मारामारीच होईल. सरांनी तिथं उभं राहावं, वेगवेगळ्या गावांची पोरं एका संघात घ्यावीत, पंचगिरी आळीपाळीनं पोरांकडेच द्यावी.

छडी मात्र ठेवून द्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तिला मनाई केली आहे, आणि मारून मारामारी थांबत नाही. पोर संकटात असेल तर 1098, मनानं खचलं असेल तर 14416 हे क्रमांक वर्गात लावा.

येत्या पालकसभेत टक्क्यांच्या आधी विचारा: गेल्या आठवड्यात खेळाचा तास झाला का? "नाही" म्हणाले, तर तो कधी घेणार हे लिहून घेतल्याशिवाय उठू नका.