डिम्सडेलची वकिली

नाथॅनिएल हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ वर्गात शिकवून संपली की निकाल ठरलेला असतो. हेस्टर प्रिनचे पाप चव्हाट्यावर आले, म्हणून ती एका अर्थी सुटली. त्यात भागीदार असलेल्या धर्मोपदेशक आर्थर डिम्सडेलचे पाप झाकून राहिले, म्हणून तो आतल्या आत जळून मेला. सबब जास्त शिक्षा त्यालाच झाली. गाइडांतून हे पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले आहे. आमच्या जबलपुरात याच्या जोडीला आणखी एक मत ऐकू येते. पापाची ही टोचणी ख्रिस्ती लोकांची भानगड. गंगेत न्हावे तरी लागते, आपल्याला नर्मदेचे नुसते दर्शन पुरते. ग्वारीघाटावर हात जोडले की हिशेब मिटला. पहिले मत डिम्सडेलला सोडवते, दुसरे आपल्याला. मला दोन्ही मान्य नाहीत.

आधी डिम्सडेल. त्याचा पश्चात्ताप खोटा होता असे मी म्हणत नाही. तो उपास करतो, रात्र रात्र जागतो, स्वतःवर कोरडे ओढतो, आणि शेवटी त्यातच मरतो. पण कादंबरीच्या सुरुवातीचा प्रसंग पाहा. हेस्टर तान्ह्या मुलीला घेऊन वधमंचावर उभी आहे, छातीवर लाल अक्षर आहे, आणि मुलीच्या बापाचे नाव सांग अशी गळ तिला कोण घालतो? खुद्द बापच. ती नाव सांगत नाही. तिच्या त्या मौनावर पुढची सात वर्षे त्याचा धर्मोपदेश चालतो, नव्हे, बहरतो. जळत्या मनाने बोलतो म्हणून त्याची प्रवचने लोकांच्या काळजाला जास्त भिडतात. ‘मी महापापी आहे’ असे तो व्यासपीठावरून सांगतोही. ऐकणारे म्हणतात, एवढा पवित्र पुरुष स्वतःला पापी म्हणतो, मग आपली काय कथा! हॉथॉर्नची खोच पुढेच आहे. मोघम कबुलीचा परिणाम असाच होणार हे डिम्सडेलला ठाऊक असते, आणि तरीही तो ती देत राहतो. त्याचा दंभ असा पश्चात्तापाच्या आड उभा आहे. पश्चात्ताप काढून घ्या, दंभाला टेकायला काही उरत नाही.

त्याची वकील मंडळी एक प्रसंग तर वाचल्यासारखा करून पुढे जातात. हेस्टरबरोबर जहाजाने पळून जायचे ठरते, तेव्हा जहाज चौथ्या दिवशी सुटणार हे ऐकून डिम्सडेलला बरे वाटते. का? तिसऱ्या दिवशी नव्या गव्हर्नराच्या निवडीनिमित्तचे मानाचे प्रवचन त्याला द्यायचे आहे. कर्तव्यात कसूर करून गेला, असे कुणी म्हणायला नको! मध्यरात्री तो वधमंचावर चढतो खरा, पण उद्या भर दुपारी आमच्याबरोबर इथे उभा राहशील का, असे छोटी पर्ल विचारते तेव्हा नाही म्हणतो. शेवटी दिवसाउजेडी कबूल करतो आणि लगेच मरतो. मेल्यावरही काही साक्षीदार छातीठोकपणे सांगतात की त्याच्या छातीवर खूणबीण काही नव्हती. सारे पापीच असतात हे शिकवण्यासाठी त्या साधुपुरुषाने म्हणे स्वतःच्या मरणाचा दृष्टांत केला. सात वर्षे अंगावर अक्षर वागवणाऱ्या बाईला असा सोयीचा अन्वयार्थ कुणी दिला नव्हता. इथल्याच नेपियर टाउनात बसून भल्याभल्यांची सोंगे उतरवणाऱ्या हरिशंकर परसाईंच्या हाती हे प्रकरण लागते तर डिम्सडेलची धडगत नव्हती.

कबुली म्हणजे सुटका, हे गृहीतक तर जबलपूरकराने मुळीच मानू नये. 1830 च्या दशकात कर्नल स्लीमनने ठगांचा बंदोबस्त इथूनच चालवला, आणि तो मुख्यतः कबुलीजबाबांवर. फिरंगिया नावाच्या जमादाराने तर स्लीमनचा तंबू ज्या आमराईत होता तिथलीच जमीन उकरायला लावून प्रेते दाखवली. जो बोलला तो माफीचा साक्षीदार झाला आणि वाचला. ज्याच्याकडे त्याने बोट दाखवले तो फासावर गेला, नाहीतर काळ्या पाण्यावर. अशा साक्षीदारांसाठी पुढे जबलपुरात उद्योगशाळाही निघाली आणि तिथे तंबू, गालिचे तयार होऊ लागले. अमेरिकेतल्या सेलममध्ये 1692 साली हेच झाले होते. चेटुकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी झाली, पण कबुली देऊन तिच्यावर ठाम राहिलेल्यांपैकी कुणी फासावर गेले नाही. निरपराध होते आणि खोटे बोलायला तयार नव्हते, ते मेले. तिथल्या न्यायाधीशांपैकी जॉन हॅथॉर्न हा कादंबरीकाराचा खापरपणजोबा. कबुलीचा बाजारभाव हॉथॉर्नच्या घराण्याला चांगला ठाऊक होता.

अंगावर अक्षर लिहिणे हीही कादंबरीतल्या प्युरिटनांचीच मिरास नाही. शिक्षा झालेल्या ठगांच्या चेहऱ्यावर त्यांचा गुन्हा गोंदवला जाई. ही गोदना-पद्धत 1849 साली कायद्याने बंद झाली. पुढच्याच वर्षी बॉस्टनमध्ये हॉथॉर्नची कादंबरी निघाली.

आता दुसरे मत, की हे आपले नव्हे. बॉस्टनच्याच मिशनचे पाद्री 1813 पासून मुंबईत होते. त्यांच्या ‘ज्ञानोदय’ पत्राशी पुढे संबंध आलेल्या बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची, म्हणजे हॉथॉर्ननंतर अवघ्या सात वर्षांनी. तिचा विषय विधवांचे हाल. पण मिशन बाजूला ठेवू, नाहीतर पुन्हा ‘ख्रिस्ती भानगड’ म्हणायला वाव राहील. 1881 साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला अनौरस मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. या प्रकरणावरून ‘पुणे वैभव’ पत्राने एकूण बायकांच्या नीतीवर ताशेरे झोडले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा सवाल. विधवेचे केशवपन हे आपले लाल अक्षर होते, आणि तेही पाप घडण्याआधीच दिलेले.

यावर उत्तर येते की समाजाजवळ पुरुषाला शोधायचे साधनच नव्हते. साफ खोटे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांनी चहा घेतला. गोपाळराव जोश्यांनी त्या मंडळींची नावे त्याच ‘पुणे वैभव’त छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, आणि 1892 साली न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाने प्रायश्चित्त घेतले. एका कप चहाचे धनी नावानिशी शोधून काढणारी ही यंत्रणा! विधवेच्या पोटातल्या मुलाचा बाप या यंत्रणेला शोधता आला नाही, यावर विश्वास ठेवायला फार भाबडेपणा लागेल. टोचणी आपल्याकडे भरपूर होती, प्रायश्चित्ताची दरपत्रके होती. ती कुणाच्या दारात न्यायची हे मात्र ठरलेले होते.

मग पश्चात्तापाला काही किंमतच नाही काय? आहे, आणि तिचा दाखला प्युरिटनांतच सापडतो. सेलमचा दुसरा एक न्यायाधीश सॅम्युअल स्युअल. 1697 च्या जानेवारीत, सार्वजनिक उपासाच्या दिवशी, त्याने आपला कबुलीजबाब लिहून धर्मगुरूच्या हाती दिला आणि तो भर चर्चमध्ये वाचला जात असताना सगळ्यांसमोर उभा राहिला. मोघम ‘मी पापी’ नव्हे, तर सेलमच्या खटल्यांतला दोष आणि त्याची लाज माझी, असे नेमके. माफीच्या साक्षीदारासारखे त्याला यातून काही सोडवून घ्यायचे नव्हते. त्याच्यावर खटला नव्हता, कुणी बोट दाखवत नव्हते. आणि डिम्सडेलसारखा तो लगेच मेलाही नाही. त्याच गावात, त्याच लोकांच्या नजरेसमोर, 1730 पर्यंत जगला आणि दरसाल त्या पापासाठी उपासाचा दिवस पाळत राहिला. जॉन हॅथॉर्नने असे काही केल्याची नोंद नाही. डिम्सडेलच्या अश्रूंवर पानेच्या पाने खर्च करणाऱ्या गाइडांत या स्युअलसाठी चार ओळी निघायला हरकत नव्हती.